पोहण्याच्या हौदात मासे वाढवताना

शेतघरातला किंवा कृषी पर्यटन केंद्रातला पोहण्याचा हौद पडून राहिला की त्यात डासच वाढतात. मालकाशी लेखी करार करून बचत गटाने तो घेतला, तर तिथे मासे वाढवता येतात. मात्र आधी लेकरांचा जीव, मग माशांचा.

या हौदाच्या भिंती सरळ, गुळगुळीत असतात. पाणी हिरवे झाले की तळ दिसत नाही, शेवाळावर पाय घसरतो. म्हणून पाणी भरण्याआधीच चहूबाजूंनी कुंपण घाला, फाटकाला कुलूप लावा. गाठी मारलेला दोर पक्का बांधून पाण्यात सोडा, हवा भरलेली ट्यूब काठावर ठेवा. हौदावर एकटीने जाऊ नका. मोटरची जोडणी वायरमनकडूनच करून घ्या आणि पाण्यात हात घालण्याआधी वीज बंद करा.

आता पाणी. पोहण्याच्या पाण्यात क्लोरीन असते, शेवाळ मारायला कधी मोरचूदही टाकलेले असते. दोन्ही माशांना घातक. जुने पाणी पूर्ण काढा; ते ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडू नका. हौद ब्रशने घासा, साबण वापरू नका. शक्यतो विहिरीचे पाणी भरा. नळाचे असेल तर आठवडाभर उन्हात राहू द्या आणि गावच्या जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी करून घ्या. नमुना पिवळा झाला तर क्लोरीन शिल्लक आहे, अजून थांबा.

कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली आणा. चौरस मीटरला 1 पुरे. 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद हौदात 50. पिशवी 15-20 मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवा, तिच्यात हौदाचे पाणी थोडे थोडे घ्या, मग मासे सोडा. थाय मांगूर पाळायला बंदी आहे. कुणी फुकट दिला तरी घेऊ नका.

भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड समप्रमाणात द्या, खातील तेवढेच. उरलेले खाद्य कुजून पाणी बिघडते. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर प्राणवायू कमी पडला असे समजा. खाद्य थांबवा, ताजे पाणी उंचावरून सोडा.

50 माशांत गट श्रीमंत होणार नाही, पण घरच्या ताटात ताजा मासा येईल. तेव्हा पहिल्या बैठकीत एवढेच ठरवा: फाटकाची किल्ली कोणत्या दिवशी कुणाकडे.