अर्ध्या तिकिटात समुद्र

जालन्याहून समुद्र लांब, म्हणून खर्चही मोठा, असं आपण धरून चालतो. पण 17 मार्च 2023पासून राज्यात एसटीला महिलांना निम्मंच तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आई-सासूबाईंना तर मोफत; वयाचा पुरावा तेवढा सोबत ठेवा. मग पैसे जातात कुठे? मुक्कामात.

अलिबागचंच बघा. मुंबईहून तिथे एसटी जाते. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी उसळते, खोल्या महागतात. म्हणून सोमवार ते गुरुवार जा. जवळच्या आक्षी, नागावला नारळी-पोफळीच्या वाड्यांतल्या घरांत खोल्या मिळतात, जेवणही घरगुती. बचत गटातल्या चार-पाच जणी मिळून एक खोली घ्या. भाडं माणशी की खोलीचं, जेवण त्यात धरलंय का, हे आधीच फोनवर विचारा.

कान्होजी आंग्र्यांची समाधी अलिबागेतच आहे. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. पण इथे सावध राहा. भरती दिवसातून दोनदा येते आणि तिची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. कालची वेळ आज चालत नाही. किल्ला बघण्यात रमलो, की परतीची वाट पाण्याखाली जाते. म्हणून किनाऱ्यावरच्या माणसांना परतायची वेळ विचारूनच पाऊल टाका, लेकरांचा हात सोडू नका. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. बेत दिवाळीनंतरचाच करा.