राजीनामा नको, पान लिहा!

‘काहीतरी क्रिएटिव्ह करायचंय यार, पण त्यासाठी नोकरी सोडून मुंबई गाठायला हवी!’ हा डायलॉग तुम्हीही चहाच्या टपरीवर मारला असेल. मग आपल्या नागपूरच्या महेश एलकुंचवारांकडे बघा. सिनेमाचं तिकीट मिळालं नाही, म्हणून ते तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो! मी हरलो!’ बघायला गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि लिहायलाच लागले. १९६७मध्ये ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथा’त आली. ती वाचून विजया मेहतांनी त्यांना हेरलं. पुढे नागपुरात इंग्रजी शिकवता शिकवताच ‘पार्टी’ झालं, ‘वाडा चिरेबंदी’ही झालं. पगारावर घर चालत असलं, की कलेवर गल्ला भरायची सक्ती राहत नाही. तेव्हा राजीनामा राहू द्या. आज घरी गेल्यावर एक पान लिहा.