ग्राहकाविना चित्रे

१५ सप्टेंबर १९७४ रोजी मॉस्कोच्या बेल्यायेवो भागातील मोकळ्या जागेवर काही चित्रकारांनी मांडलेले प्रदर्शन शासनाने बुलडोझर घालून उधळले. त्या चित्रांत सत्ता उलथविण्याची हाक नव्हती. मग एवढी धास्ती कशाची?

१९३२ च्या फर्मानानंतर सोव्हिएत चित्रकाराचे रंग, कार्यशाळा आणि ग्राहक हे सारे पर्यायाने शासनाच्या हाती गेले. समाजवादी वास्तववादाला कारखाना आणि शेत चालत असे. मृत्यू, मौन आणि ईश्वर यांना तेथे थारा नव्हता. दिमित्री क्रास्नोपेव्हत्सेव्ह चित्रपटांच्या जाहिराती करून पोट भरीत आणि घरी फुटकी मडकी, शंख, वाळल्या फांद्या रंगवून काळाचे चिंतन करीत. व्लादिमीर वाइसबर्ग यांच्या पांढऱ्यावर पांढऱ्या चित्रांत वस्तू जणू प्रकाशात विरघळतात.

मागणीवाचून उत्पादन अर्थशास्त्राला व्यर्थ वाटते. येथे मात्र अधिकृत ग्राहकच नसल्याने खुशामतीचेही कारण उरले नाही. म्हणून दडपशाही कलेला पोषक ठरते, असे मुळीच नव्हे. त्या प्रदर्शनाचे एक प्रवर्तक ऑस्कर राबिन यांचे नागरिकत्व १९७८ मध्ये हिरावले गेले. तात्पर्य इतकेच, की माणसाच्या अंतरीच्या प्रश्नांचे उत्तर शासनाच्या योजनेत नसते आणि बाजाराच्या भावातही नसते.