जखम मनाची, पुरावा तारखेचा

१९८२ साली पुण्यात मंजुश्री नावाच्या तरुण विवाहितेचा सायनाइडने मृत्यू झाला. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं खटल्यात आली. सरकार पक्षाने ती छळाचा पुरावा म्हणून मांडली. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच पत्रांमधली तिची खचलेली अवस्था पाहून आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही, असं म्हटलं आणि आरोपी पतीची निर्दोष मुक्तता केली. बाईला इतकं खचवणं हा तिच्या मृत्यूच्या वेळी स्वतंत्र गुन्हा नव्हता.

या मृत्यूने पुणं हादरलं. स्त्री चळवळीतल्या कार्यकर्त्या विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन मांडलं. त्यांच्या नारी समता मंचाचं 'बोलते व्हा' केंद्रही पुढे याच कामातून उभं राहिलं. तिकडे दिल्लीतही हुंडाबळींवरून आंदोलनं पेटली होती. डिसेंबर १९८३मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आलं आणि क्रूरतेच्या व्याख्येत शारीरिक आरोग्याबरोबर मानसिक आरोग्यही आलं. पण कसोटी कडक होती आणि तक्रारीची वाट थेट फौजदारी खटल्याकडेच जात होती. बाईला मात्र त्या रात्रीपुरतं छप्पर, पोरं जवळ असणं आणि मार थांबणं हवं होतं. 'संसार मोडू नको' हे माहेरचं पालुपद होतं, पोलीस ठाण्यातही तेच. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सोबतीने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसू लागली, ही तेव्हा मोठी गोष्ट होती.

मन कसं मोडतं याची मांडणीही याच काळात झाली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ साली हिंसेचं चक्र दाखवलं: ताण साचतो, स्फोट होतो, मग माफी आणि मनधरणी. तिसऱ्या टप्प्यावर बाई परत नांदायला जाते, कारण 'आता सुधारलाय' यावर तिला विश्वास ठेवायचा असतो. १९९२ साली ज्यूडिथ हर्मन यांनी दीर्घ छळाचे परिणाम उलगडले: झोप उडणं, सतत दचकणं, स्वतःलाच दोष देणं, आठवणींची साखळी तुटणं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २०००च्या सुमारास हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू झालं, तेव्हा हीच लक्षणं केसपेपरवर वेगळ्या नावांनी सापडू लागली. 'चुकून विष पोटात गेलं' अशी नोंद असलेल्या काही बायकांनी ते जाणूनबुजून घेतलं होतं.

२००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी लागू झाला आणि चित्र पालटलं. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक, अशा चारही छळांना त्यात नाव मिळालं. संरक्षणाचा आदेश, राहत्या घराचा हक्क, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा आणि मानसिक यातनांची भरपाईसुद्धा! या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याच्या घटना अहवालाचा नमुना वाचला की हा बदल लक्षात येतो. चारित्र्यावर संशय, मुलगा झाला नाही म्हणून टोमणे, नोकरीला मज्जाव, ठरावीक माणसांना भेटायला बंदी, हे सगळं तिथे छापलेलं आहे. ज्याला आजवर 'घरचं भांडण' म्हटलं जायचं, त्याला सरकारी कागदावर जागा मिळाली.

त्याच नमुन्यात आणखी एक रकाना आहे: हिंसेची तारीख, वेळ, ठिकाण. वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या बाईला इथेच अडखळायला होतं. 'दिवाळीच्या आधी, की धाकटा पोटात असताना?' असं ती म्हणते, आणि उलटतपासणीत तोच विसंगतीचा पुरावा ठरतो. पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल शक्यतो साठ दिवसांत, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि प्रत्येक तारखेला छळणाऱ्या त्याच माणसासमोर उभं राहावं लागतं. घराच्या हक्काचीही तीच गत. सासूसासऱ्यांच्या मालकीच्या घरावर सुनेला हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्येच म्हटलं. ती वाट २०२०च्या सतीशचंद्र आहुजा निकालाने मोकळी केली. मधली चौदा वर्षं कित्येकींना दाराबाहेर काढायला पुरली.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. त्यातही बहुतेकींनी माहेरच गाठलं. पोलिसांपर्यंत पोहोचल्या त्या अगदी मोजक्या.

चाळीस वर्षांत कायद्याने मनाची जखम ओळखली, पण ती मोजायची रीत अंगावरच्या वळांचीच राहिली. तक्रार मागे घेतलेली बाई खोटी ठरते आणि पुन्हा आली की तिला ऐकवलं जातं, 'मागच्या वेळी माघार का घेतलीत?' माघार हा त्या छळाचाच परिणाम असू शकतो, हे मानसशास्त्र केव्हाचं सांगतंय. तक्रार घेताना पहिला प्रश्न 'ताई, आज रात्री घरी जाणं सुरक्षित आहे का?' असा असायला हवा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.