व्हॉल्व्ह गेला म्हणून तार जोडू नका

आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. १९५६ साली पुण्यासह पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत लोकांना एकत्र बसवून शेतीचे कार्यक्रम ऐकवण्याचा आणि त्यावर चर्चा घडवण्याचा प्रयोग झाला. त्या काळातला व्हॉल्व्हचा रेडिओ यवत-केडगाव पट्ट्यात कुणी जपला असेल, तर तो पुन्हा बोलता व्हायलाच हवा. पण फिलामेंटच्या जोडणीबद्दलचे काही समज आधी काढून टाका.

‘एकही व्हॉल्व्ह पेटत नाही, म्हणजे सगळेच गेले.’ असं नसतं. व्हॉल्व्हच्या नावाचं पहिलं अक्षर बघा. ‘ई’ असेल तर प्रत्येकाला ट्रान्सफॉर्मरमधून ६.३ व्होल्ट पॅरललमध्ये मिळतात. एक गेला तरी बाकीचे तापतात. ‘यू’ असेल तर फिलामेंट सिरीजमध्ये, गणपतीतल्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखी. एक तुटलं की सगळी थंड. प्लग काढून एकेक व्हॉल्व्ह उपसा आणि मीटर लावा. यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५ या चौघांचीही हीटरची जोडी चौथ्या-पाचव्या पिनेवर असते.

‘गेलेल्याच्या पिना तारेनं जोडल्या की तात्पुरतं भागतं.’ हा सगळ्यात महाग पडणारा समज. याच चौघांचा हिशेब करू: १९, १९, ५० आणि ३८, एकूण १२६ व्होल्ट. मेन्स २३० धरली तर उरलेले १०४ व्होल्ट रेझिस्टन्सवर पडतात. माळेतला करंट ०.१ अँपिअर, म्हणून रेझिस्टन्स १०४० ओहमचा; त्यातून दहा वॉटची उष्णता निघते, तो तापतो यात नवल नाही. आता ५० व्होल्टचा यूसीएल ८२ तारेनं जोडलात, की करंट सव्वाशे मिलिअँपिअरच्या आसपास चढतो आणि धडधाकट तिघांचं आयुष्य झपाट्यानं संपतं.

‘दोन्ही ६.३ व्होल्टचे, मग सिरीजमध्ये चालतील.’ सिरीजमध्ये करंट जुळावा लागतो. ईएल ८४ ला ०.७६ अँपिअर लागतो, ईसीसी ८३ ला ०.३. दोघांना १२.६ व्होल्टवर सिरीजमध्ये लावलं तर ईसीसी ८३ वर साधारण ९ व्होल्ट पडतात, ईएल ८४ अर्धवट तापतो. पॅरललमध्ये हेच दोघे सुखानं नांदतात.

माळेतला क्रमही मनाला येईल तसा लावत नाहीत. आवाजाचा पहिला टप्पा सांभाळणारा व्हॉल्व्ह चेसिसच्या टोकाला ठेवतात, नाहीतर स्पीकरमधून घूं असा आवाज येत राहतो. रेक्टिफायर मेन्सकडच्या टोकाला.

बॅटरीच्या संचांचं गणित वेगळं. डीके ९६ सारख्या व्हॉल्व्हचं फिलामेंट १.४ व्होल्टचं आणि अवघ्या २५ मिलिअँपिअरचं असतं. त्याला चुकून ६.३ व्होल्ट दिलेत तर ते लगेच जळतं.

‘बटण बंद आहे, हात लावायला हरकत नाही.’ कृपा करून असं करू नका. ‘यू’ माळेच्या संचात बहुधा मेन्सला वेगळं ठेवणारा ट्रान्सफॉर्मरच नसतो. मेन्सची एक तार चेसिसला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की चेसिसवर थेट फेज येते, आणि काही संचांत बटण बंद असतानाही. नॉबचा बारीक स्क्रू उघडा असेल तर तोही शॉक देतो. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज होऊ द्या, मीटरनं खात्री करा. चालू संचावर काम करायचंच असेल, तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.