स्टेन्सिलची स्वच्छ कड

प्रतिकृतीवर अक्षरे रंगविताना रंग स्टेन्सिलखाली झिरपला की आठवड्याची मेहनत वाया जाते. दोष बहुधा स्वस्त टेपचा नसतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी मास्किंग टेप रिचर्ड ड्रू यांनी १९२५ साली अमेरिकेत मोटारींच्या दुरंगी रंगकामासाठीच बनविली. ती काचेवर चिकटवून नव्या ब्लेडने अक्षर कापावे. तुकडा एकदा तळहाताला लावून काढावा, म्हणजे जादा चिकटपणा जाऊन खालचा रंग उखडत नाही. मॉडेलवर बसवून कडा नखाने दाबाव्यात. आता प्रथम खालच्याच रंगाचा पातळ हात द्यावा. फटीत शिरतो तो हाच रंग, म्हणून दिसत नाही. तो वाळल्यावर अक्षराचा रंग भरून टेप मागे दुमडत हळू सोलावी. सपाट भागावर तेच अक्षर वारंवार हवे असल्यास जुन्या एक्स-रे फिल्मचे स्टेन्सिल करावे. खर्च थोडाच, धीर मात्र हवा.