लंबकाचे घड्याळ सिरोंचात मागे पडते तेव्हा

लंडनमध्ये बिनचूक लावलेले लंबकाचे घड्याळ तसेच उचलून प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळील सिरोंचात भिंतीवर टांगले, तर ते दिवसाला जवळजवळ दोन मिनिटे मागे पडेल. घड्याळात बिघाड नसेल. बदललेली असेल ती जागा.

लंबकाचा आंदोलनकाळ दोन गोष्टींवर ठरतो: लंबकाची लांबी आणि त्या ठिकाणचे गुरुत्वाकर्षण. लांबी चौपट केली की काळ दुप्पट होतो. गोळा शिशाचा आहे की पितळेचा, याने फरक पडत नाही; झोका लहान असेल तोवर तो किती दूर जातो, यानेही जवळजवळ नाही. पृथ्वी विषुववृत्ताशी फुगीर आहे आणि स्वतःभोवती फिरते. त्यामुळे विषुववृत्ताकडे यावे तसे गुरुत्व किंचित घटते व लंबक मंदावतो. १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतील केयेन येथे गेलेल्या ज्याँ रिशे या फ्रेंच खगोलज्ञाला पॅरिसचे घड्याळ तेथे दिवसाला अडीच मिनिटे मागे पडताना आढळले, आणि पृथ्वीचा आकार मोजण्याचे एक साधनच हाती आले. भारतीय सर्वेक्षण खात्याचे कॅप्टन बसेवी यांनी १८६५ पासून देशात ठिकठिकाणी लंबक टांगून गुरुत्व मोजले. १८७१ मध्ये लडाखच्या उंच पठारावर याच कामात असताना त्यांचा मृत्यू झाला. इतक्या सूक्ष्म फरकासाठी एवढी किंमत मोजली गेली, हे आज सहसा कोणाच्या लक्षात नसते.

नुसता टांगलेला लंबक मात्र हवेच्या विरोधाने आणि टांगणीच्या घर्षणाने थोड्याच वेळात थांबतो. पाळणा हलता ठेवायचा तर आई त्याच्या तालातच हलका हात लावते. अवेळी लावलेला हात झोका मोडतो. घड्याळात हे काम यंत्र करते. गुंडाळलेल्या दोरीला लोंबणारे वजन किंवा चावीची कमान दातेरी चाकाला सतत फिरवू पाहते. लंबकाला जोडलेला, नांगराच्या आकाराचा अडसर त्या चाकाला अडवून धरतो. लंबक हलला की एक दाता सुटतो आणि सुटता सुटता अडसराला अगदी थोडा रेटा देतो. तोच रेटा लंबकापर्यंत पोहोचतो. ‘टिक-टिक’ हा आवाज दाता अडल्याचा. केव्हा रेटायचे हे लंबकच ठरवतो, यातच सारी खुबी आहे. लंबकाचे पहिले घड्याळ हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६५६ मध्ये तयार केले. नांगरासारखा अडसर त्यानंतर काही वर्षांनी आला.

सिरोंचातील त्या घड्याळाचा उपाय सोपा आहे. एका बाजूकडून दुसरीकडे जाण्यास एक सेकंद घेणारा लंबक लंडनमध्ये सुमारे ९९.४ सेंटिमीटर लांब असतो. सिरोंचात तो सुमारे २.७ मिलिमीटर आखूड हवा. गोळ्याखालची चकती फिरवून गोळा तेवढा वर सरकवला की झाले. अर्थात ते कायमचे नव्हे. पोलादी दांडी तापमानाच्या प्रत्येक अंशामागे घड्याळाला दिवसाला साधारण अर्धा सेकंद मागे टाकते, आणि सिरोंचाचा मे महिना दांडीला चांगलाच तापवतो. जानेवारीत जुळवलेली चकती तेव्हा पुन्हा थोडी फिरवावी लागेल.